टाइल्स नंतर, आधी माळवद!

वर्क फ्रॉम होम मिळालंय आणि सेलू-पाथरीकडच्या आजोबांच्या जुन्या घरात राहायला जायचं ठरतंय? मस्त! पण मॉड्युलर किचनचं कोटेशन मागवण्याआधी शिडी लावा आणि माळवदावर चढा.

गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडत गेली. जुनी कुणी काढलीच नाही. थर फूट-दोन फूट सहज होतो. मे महिन्यात घर गार राहतं ते त्याच्यामुळेच, मान्य. पण वजन? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं झोपेतच गाडली गेली, ती अशाच माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली.

तेव्हा पहिला खर्च इथे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून जादा माती उतरवा. खांब-तुळयांचे सांधे तिरके लाकडी टेकू मारून पक्के करा. दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर वेगळे होऊ नयेत म्हणून आरपार दगड बसवा. हे काम दिसत नाही, त्यामुळे पाहुणे कौतुक करणार नाहीत, आणि बजेटचा मोठा घास मात्र तेच घेणार!

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते. चुन्याचा करा. आणि फॉल्स सीलिंग? त्याच्यामागे वाळवी लागलेली तुळई दिसत नाही. राहू द्या.