पासेस काढलेत, पण घाट बंद आहे

१ मार्च २०२४, शुक्रवार. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात वाऱ्याने असा जोर धरला की पॅलिसेड्स ताहो या स्की रिसॉर्टच्या माथ्यावरच्या यंत्राने ताशी १९० मैल वेगाचा झोत नोंदवला. सॅक्रमेंटोहून रीनोकडे जाणारा आय-८० हा महामार्ग कोलफॅक्सपासून नेवाडा राज्याच्या हद्दीपर्यंत बंद झाला. हा टप्पा सत्तरेक मैलांचा आहे. त्याआधी घाटात शिरलेल्या कित्येक गाड्या रात्रभर जागच्या जागी उभ्या राहिल्या. पॅलिसेड्ससह अनेक रिसॉर्टनी शनिवारी लिफ्ट चालवल्याच नाहीत, त्यामुळे जे कसेबसे वर पोहोचले होते तेही केबिनच्या खिडकीतून बर्फ पाहत बसले.

यात अचानक काही घडलं नव्हतं. हवामान खात्याने ब्लिझर्डचा, म्हणजे हिमवादळाचा, इशारा आधीच दिला होता आणि प्रवास टाळा असं स्पष्ट सांगितलं होतं. तरी लोक निघाले. त्यांना नुसतं बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण स्कीइंगची गंमतच अशी आहे की ज्या वादळाने रस्ता बंद होतो तेच वादळ डोंगरावर ताजा बर्फ घालतं. अनुभवी स्कीअर ज्याच्यासाठी जीव टाकतात तो भुसभुशीत ‘पावडर’ वादळाशिवाय मिळत नाही. त्यामुळे वादळाची बातमी ऐकून शहाण्यासुरत्या माणसाचेही पाय घराबाहेर ओढले जातात.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून ताहो तलावाच्या उत्तरेकडचं ट्रकी हे गाव सुमारे तीनशे किलोमीटर. रस्ता कोरडा असेल तर साडेतीन तासांत माणूस पोहोचतो. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे इथल्या मराठी घरांतही हिवाळ्यातली ताहोची एक फेरी आता ठरलेली असते. जानेवारीतला मार्टिन लूथर किंग यांच्या नावाचा सोमवार, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा सोमवार आणि त्याला लागून अनेक शाळा देतात ती ‘स्की वीक’ची सुट्टी, याच दिवसांवर सगळ्यांचा डोळा. चार कुटुंबं मिळून केबिन घेतात तीही दिवाळीच्या आसपास, जेव्हा फेब्रुवारीतलं हवामान कोणालाच ठाऊक नसतं. सीझन पासचे पैसे त्याही आधी गेलेले. मुलांच्या स्की स्कूलची नोंदणी झालेली, भाड्याचे बूट मापून ठेवलेले. मग निघायच्या दोन दिवस आधी अंदाज बिघडतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होते. त्या चर्चेत बर्फाचा विषय कमी आणि बुडणाऱ्या पैशांचा जास्त असतो. केबिनचे पैसे गेलेच आहेत, गेलं काय नि न गेलं काय, ते परत यायचे नाहीत. निर्णय घेताना ते हिशोबात धरायचेच नसतात. पण हे पटायला कठीण जातं, त्यातून ग्रुपमधला कोणीतरी एकजण ‘आम्ही तर निघतोय’ असं लिहून टाकतो आणि बाकीच्यांना मागे राहणं कमीपणाचं वाटू लागतं.

डोंगराचं गणित समजून घेतलं तर या चर्चेला थोडा पाया मिळतो. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून जसे कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात, तसंच पॅसिफिकवरून येणाऱ्या बाष्पाचं सिएरात होतं. फरक इतकाच की तिथे ते हिवाळ्यात होतं आणि उंचीवर बर्फाच्या रूपात पडतं. सॅक्रमेंटो समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फुटांवर, आणि तिथून अवघ्या नव्वदेक मैलांवर डॉनर समिट या खिंडीत महामार्ग ७,२३९ फुटांवर पोहोचतो. या खिंडीजवळ सोडा स्प्रिंग्ज इथे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची सेंट्रल सिएरा स्नो लॅब आहे. १९४६पासून तिथे बर्फ मोजला जातो. २०२२-२३च्या हंगामात तिथे ७५४ इंच, म्हणजे जवळपास ६३ फूट बर्फ पडला. याहून जास्त एकदाच, १९५१-५२मध्ये, ८१२ इंच. हा बर्फ किनाऱ्यावरून आलेल्या दमट हवेचा, म्हणून जड आणि चिकट. स्थानिक लोक त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. फावड्याने तो उपसून पाहिलेल्या माणसाला या नावात अतिशयोक्ती वाटत नाही.

ही खिंड माणसांना अडकवण्यासाठी जुनी प्रसिद्ध आहे. तिला नाव मिळालं ते डॉनर कुटुंबाच्या तांड्यावरून. १८४६मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या या लोकांनी वाटेत एक ‘जवळचा रस्ता’ धरला. तो जवळचा तर नव्हताच, उलट त्याने आठवडेच्या आठवडे खाल्ले आणि खिंडीपाशी पोहोचेपर्यंत बर्फ पडून वाट बंद झाली. तांड्यात मिळून ८७ माणसं होती, त्यांतली जवळपास निम्मी वाचली. पुढे १३ जानेवारी १९५२ रोजी, त्याच विक्रमी हंगामात, ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही ऐटबाज आगगाडी युबा गॅपजवळ बर्फात रुतली. प्रवासी आणि कर्मचारी मिळून २२६ माणसं तीन दिवस डब्यांत अडकली. शेजारचा महामार्ग मोकळा करून मोटारींनी त्यांना बाहेर काढावं लागलं.

जवळच्या रस्त्याचा मोह अजून सुटलेला नाही. डिसेंबर २०२१मध्ये स्नो लॅबच्या नोंदीत महिन्याभरात दोनशे इंचांहून जास्त बर्फ पडला आणि नाताळनंतर महामार्ग बंद पडले, तेव्हा फोनमधली नकाशाची ॲप्स काही चालकांना हेनेस पाससारख्या, हिवाळ्यात साफ न होणाऱ्या डोंगरी वाटांवर वळवू लागली. ॲपला ती वाट मोकळी दिसत होती, कारण तिच्यावर कोणी जातच नव्हतं! महामार्ग बंद असताना नकाशा आडवाट सुचवत असेल तर त्याचं ऐकायचं नाही, हा नियम ताहोला जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा.

मग अंदाज वाचायचा कसा? टीव्हीवर आणि ग्रुपवर फिरतो तो आकडा एकच : किती फूट बर्फ. चालकाच्या दृष्टीने तो आकडा तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी पाहायची ती स्नो लेव्हल, म्हणजे पावसाचा बर्फ कोणत्या उंचीवर होणार. ती सात हजार फुटांवर असेल तर घाटाच्या बहुतेक भागात पाऊसच लागतो. ती तीन हजारांवर उतरली की कोलफॅक्सच्या थोडं पुढेच बर्फ सुरू होतो आणि बर्फातून चालवायचं अंतर चाळीस मैलांहून जास्त होतं. दुसरी गोष्ट वारा. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येत ब्लिझर्ड म्हणजे भरपूर बर्फ नव्हे. ताशी ३५ मैल किंवा त्याहून जोराचा वारा आणि पाव मैलाहून कमी दृश्यमानता, ही स्थिती सलग तीन तास. अशा वेळी पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे होतात. ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांतला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे : पहिल्याचा अर्थ वादळाची शक्यता आहे, बेत लवचीक ठेवा, दुसऱ्याचा अर्थ वादळ येतंय किंवा आलंय.

रस्त्यावरचा कारभार कॅलट्रान्स या राज्याच्या वाहतूक खात्याकडे असतो. बर्फ वाढला की त्यांचे चेन कंट्रोलचे फलक लागतात आणि त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. आर-१ असेल तेव्हा स्नो टायर असलेल्या हलक्या गाड्या चेन न लावता जाऊ शकतात. आर-२ला ही सूट फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना; चेन मात्र त्यांच्याही डिकीत असायला लागतात. आर-३ म्हणजे सगळ्यांना चेन, अपवाद नाही. प्रत्यक्षात आर-३पर्यंत पाळी येण्याआधीच बहुतेकदा रस्ता बंद करतात. चेन कंट्रोलच्या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी २५ ते ३० मैलांवर येते, म्हणजे नुसतं गणित केलं तरी साडेतीन तासांचे पाचच्या आसपास होतात. त्यात सुट्टीची गर्दी आणि आडवा झालेला एखादा ट्रक मिळाला की दहा तासही लागतात.

‘आमची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं, आणि तो बे एरियातला एक महागडा गैरसमज आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाल्याने गाडी बर्फात सुटते आणि चढ चढते. थांबताना मात्र तिचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. वळणावर आणि उतारावर गाडी धरून ठेवतं ते टायरचं रबर. बाजूला ‘एम प्लस एस’ लिहिलेला साधा ऑल-सीझन टायर कायद्याला चालतो. पण थंडीत त्याचं रबर कडक होतं. तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेला टायर बर्फासाठी तपासलेला असतो. उतारावर रुतलेल्या किंवा गोल फिरून उलट्या तोंडाने उभ्या असलेल्या गाड्यांत भल्या मोठ्या एसयूव्ही कमी नसतात.

चेनचंही तसंच. त्या विकत घेऊन डिकीत टाकल्या म्हणजे काम झालं असं समजणारे पुष्कळ. अंधारात, ओल्या बर्फात गुडघे टेकून, गारठलेल्या बोटांनी त्या पहिल्यांदा लावून पाहण्याइतकी वाईट शिकवणी दुसरी नसेल. घरच्या ड्राइव्हवेमध्ये एकदा लावून बघाव्यात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला त्या पुढे लागतात, मागे नव्हे. चेन कंट्रोलच्या ठिकाणी पैसे घेऊन त्या लावून देणारे परवानाधारक लोक असतात, पण त्यांना चेन विकण्याची किंवा भाड्याने देण्याची मुभा नाही. त्या तुमच्याकडेच असाव्या लागतात. गाडी भाड्याची असेल तर करार आधी वाचावा, कारण बऱ्याच कंपन्या चेन लावायलाच मनाई करतात. विजेच्या गाडीची रेंज थंडीत घटते, त्यात चढ आणि हीटर. सॅक्रमेंटोच्या आसपास चार्ज भरून घेतल्याशिवाय घाट धरू नये.

या सगळ्यात परतीचा विचार कोणी करत नाही. शुक्रवारी हवा बरी असते, शनिवारी वादळ येतं, आणि रविवारी दुपारी हजारो गाड्या एकाच वेळी खाली निघतात. सोमवारी ऑफिस, मुलांची शाळा. वर जाताना केलेली घाई उतरताना दुप्पट होते. खरा प्रश्न ‘पोहोचू का?’ इतकाच ठेवून चालत नाही, मंगळवारपर्यंत अडकलो तर चालेल का, हेही विचारावं लागतं. चालणार असेल, म्हणजे औषधं, मुलांचं दूध, रजा यांची सोय असेल, तर वादळाच्या एक दिवस आधीच वर जाऊन बसणं उत्तम.

गाडीत अडकण्याचा धोका थंडीपुरता नसतो. ७ जानेवारी २०२२च्या रात्री पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या रस्त्यात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाडीतच मरण पावली. अनेकांच्या मृत्यूमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचं सांगितलं गेलं. उबेसाठी इंजिन चालू, सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं आणि काचा बंद असल्या की रंग-वास नसलेला हा वायू आत साठतो. म्हणून इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवायचं, त्याआधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा आणि काच थोडी खाली ठेवायची.

महाराष्ट्रातून मनालीला जाणाऱ्यांनाही हे परकं नाही. डिसेंबर २०२४मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांनी शेकडो पर्यटकांना बाहेर काढलं. तिथे बर्फ वाढला की पोलीस फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. पर्यटक हुज्जत घालतात.

ताहोपुरतं सांगायचं तर ब्लिझर्ड वॉर्निंग असताना निघूच नये, त्यावर चर्चाही नको. नुसती विंटर स्टॉर्म वॉर्निंग असेल तर वादळाच्या आधी पोहोचा किंवा ते ओसरून बर्फ काढणारे नांगर फिरल्यावर निघा. वादळात डोंगराच्या वरच्या भागातल्या लिफ्ट वारा आणि हिमस्खलनाच्या भीतीने बहुतेकदा बंदच असतात. खरा पावडर वादळानंतरच्या सकाळीच मिळतो. बेत गुरुवारी संध्याकाळीच ठरवा, कारण शुक्रवारी ऑफिसातून सुटून गाडीत बसलेला माणूस मागे फिरत नाही. केबिनवाल्याला रद्द करण्याऐवजी तारीख बदलून द्यायला सांगून पाहा, पुष्कळदा ते ऐकतात. आणि निघण्यापूर्वी कॅलट्रान्सचा ८००-४२७-७६२३ हा नंबर जरूर फिरवा. रस्त्याची ताजी स्थिती तिथे दिवसरात्र फुकट ऐकायला मिळते.