बॉडी बदलू की लेन्स घेऊ?

हॉस्टेलवर दर वर्षी कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतोच. हातात सेकंडहँड घेतलेला १२ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, त्यावर सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स, आणि खिशात इंटर्नशिपचे नाहीतर घरून टोमॅटोच्या पट्टीतून आलेले पैसे. पैसे एकदाच खर्च होणार, पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील याची खात्री नाही. सीनियरला विचारलं तर तो मान वर न करता सांगतो, "लेन्स घे रे!" उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. पण का, ते कोणी सांगत नाही. आपण इंजिनिअर होणार ना? मग थोडं गणित करू. त्यासाठी जुन्नर-आंबेगाव फार सोयीचं आहे, कारण लांबचे पक्षी, अंधारी लेणी आणि दाट जंगल सगळं या दोन तालुक्यांत मिळतं.

सुरुवात माळशेजच्या वाटेवरच्या पिंपळगाव जोगा धरणापासून. समजा, १०० मीटरवर मीटरभर उंचीचा राखी बगळा उभा आहे. ५५ मिमी लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते ०.५५ मिमीची. सेन्सरची उंची साधारण १५ मिमी, म्हणजे बगळा फोटोच्या सत्ताविसाव्या भागाइतका. पिक्सेलमध्ये मोजलं तर जेमतेम शंभर. आता १२ ऐवजी २४ मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर? पिक्सेल दुप्पट झाले, पण ते लांबी-रुंदीत वाटले जातात, म्हणून बगळ्याची उंची वाढते फक्त १.४ पट. शंभराचे दीडशेसुद्धा होत नाहीत! त्याऐवजी जुन्याच बॉडीवर २५० मिमी लेन्स लावली, तर बगळा साडेचार पट मोठा होतो, पावणेपाचशे पिक्सेलचा. हाच परिणाम ५५ मिमीवर बॉडी बदलून मिळवायचा म्हटलं तर सुमारे २५० मेगापिक्सेलचा सेन्सर लागेल. इथे वाद संपला.

लेण्याद्रीला प्रश्न वेगळा. चैत्यगृहात स्तूपापर्यंत पोहोचणारा उजेड कमी असतो. फ्लॅश मारला तर दगडाचा सगळा उठाव मरतो, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिमीची एफ १.८ ही लेन्स त्यामानाने स्वस्त. या दोन आकड्यांचा भागाकार करून वर्ग करा, ९.७ येतात. म्हणजे जवळपास दहापट उजेड! जिथे शटर १/६ सेकंद ठेवावं लागून हात हलत होता, तिथे १/६० मिळतं. बॉडीकडून एवढीच मदत हवी असेल, तर नव्या बॉडीचा आयएसओ ७८०० चा फोटो तुमच्या आताच्या ८०० इतका स्वच्छ यायला हवा. एका अपग्रेडमध्ये एवढी उडी क्वचितच मिळते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एफ १.८ वर फोकसची खोली कमी, पुढचा खांब आणि मागचा स्तूप दोन्ही एकदम धारदार येणार नाहीत. आणि छोट्या सेन्सरवर ५० मिमी गुहेत फार अरुंद पडते, ३५ मिमी जास्त कामाची.

मग बॉडी कधीच घ्यायची नाही का? तसं नाही. भीमाशंकरच्या जंगलात चला. हे अभयारण्य ज्याच्यासाठी १९८५ साली झालं तो शेकरू राहतो शेंड्यावर, आणि खाली पानांमुळे उजेड कमी. २५० मिमीवर हात स्थिर धरायचा तर शटर १/४०० च्या आसपास हवं. परवडणारी टेलिफोटो तिथे एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. मग उरतो आयएसओ, तो ३२०० च्या घरात जातो आणि जुन्या सेन्सरवर शेकरूचा तांबूस रंग रव्यासारखा दाणेदार होतो. मोठ्या छिद्राची टेलिफोटो लेन्स घ्यायची तर ती बाइकच्या किमतीत जाते. अशा वेळी बॉडी बदलणं शहाणपणाचं. (उसातला बिबट्या टिपायचा नाद मात्र कोणत्याही बॉडीवर करू नका.)

गंमत म्हणजे याचं सगळ्यात मोठं उदाहरण जुन्नर तालुक्यातच, खोडदला उभं आहे. जीएमआरटीच्या ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. कॅमेऱ्याच्या भाषेत डिश म्हणजे लेन्स, कारण संकेत गोळा करण्याचं काम तिचं. १९९० च्या दशकात उभारलेल्या या डिश पुढे अपग्रेडच्या वेळी तशाच ठेवल्या. बदलले ते फीड, रिसीव्हर आणि मागचं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. एका वेळी टिपता येणारी बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेली. म्हणजे त्यांनी 'बॉडी' बदलली! कारण डिश आधीपासूनच दणकट आणि मोठ्या होत्या, अडत होतं ते इलेक्ट्रॉनिक्सपाशी. आपल्याकडे उलट असतं, डिशच छोटी असते.

घेताना एक फसगत टाळा. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या डीएसएलआर बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स लावली तर हातानेच फोकस करावा लागेल. एएफ-एस बघून घ्या. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ असे नवे माउंट आणले. जुन्या बऱ्याच लेन्स त्यावर अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, पण आज लेन्स घेताना तुम्ही पुढची बॉडीही थोडीफार ठरवत असता. शिवाय घाटातल्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा, आणि आणल्यावर सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा.

शेवटी निर्णय कसा घ्यायचा? दुकानात जाण्याआधी तुमचे गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो उघडा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ, शटर, छिद्र, आयएसओ लिहिलेलं असतं, ते एक्सेलमध्ये टाका. बहुतेक फोटो ५५ मिमीवर आणि तरी विषय लहान, तर टेलिफोटो. एफ ५.६ आणि शटर १/१५ च्या खाली, तर मोठ्या छिद्राची लेन्स. छिद्र पूर्ण उघडं, शटर ठीक, आयएसओ ३२०० आणि फोटोत रवा, तर बॉडी. आणि नाणेघाटावरून भर दुपारी १८ मिमी, एफ ८, आयएसओ १०० वर काढलेले कोकणाचे फोटोच तेवढे फिके आले असतील, तर काहीच घेऊ नका. पुढच्या वेळी घाटघरला मुक्काम करा आणि पहाटे उठा.