मोटारखान्याची फळ्यांची भिंत



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूला घराच्या आवारांत मोटारीसाठीं उभारलेली छपरी आपण पाहिलीच असेल. चार लांकडी खांब, वर तुळया, वासे आणि पत्रा, एवढाच तिचा संसार. उन्हाळ्यांत ती पुरेशी वाटते. परंतु जूनमध्यें नैर्ऋत्येचा वारा सुटला, कीं पाऊस वरून न येतां बाजूनें येतो, आणि छपराखालची गाडी अंगणांतल्या तुळशीइतकीच भिजते. मग गृहस्थ म्हणतात, "बाजूंना फळ्या ठोकून टाकूं, त्यांत काय आहे!" काम खरोखरच अवघड नाहीं. सुटीच्या दिवशीं हौसेनें करण्यासारखें तें आहे. पण त्यांत एक मर्म आहे, आणि तेंच आज सांगावयाचें आहे: भिंतीनें पाणी अडवावें, वारा अडवूं नये.

हें मर्म आपल्या मुलुखाला नवें नाहीं. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी आणि साधारणतः ८ वर्षांतून एकदांच फुलणारी कारवी आपणांस ठाऊक आहे. तिच्या काठ्यांचा कूड लांकडी खांबांना बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा देण्याची रीत ठाणें जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मातीचा हा कूड एवढ्या पावसांत टिकतो कसा? छपराचे पाखे पुरेसे खालीं उतरलेले असतात, आणि कूड जोत्यावर उभा असतो, म्हणून. शिवाय कूड व छप्पर यांमध्यें राहिलेल्या फटींतून चुलीचा धूर बाहेर जातो आणि वारा खेळतो. लांकूड भिजल्यानें तितकें कुजत नाहीं, जितकें तें भिजून न सुकल्यानें कुजतें. कारण कुजविणाऱ्या बुरशीला ओल सतत लागते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम सांगाडा तपासावा. खांबाच्या बुडाशीं चाकूचें टोक सहज रुतलें, तर आधीं खांब बदलावा. उघड्या छपरींतून वारा निघून जातो. बाजू झाकल्या, कीं तोच वारा शिडावर द्यावा तसा भिंतीवर रेटा देतो. म्हणून ओळंब्यानें खांब सरळ करून त्यांमध्यें तिरकस टेकू बसवावे, आणि सांधे लोखंडी पट्ट्या व बोल्टांनीं आवळावे. छपराचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील, तर त्यांना करवत किंवा सामता लावूं नये. त्यांची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.

नंतर खांबांमध्यें सुमारे २ फुटांवर एक अशा इंचभर जाडीच्या उभ्या रिपा माराव्या. फळ्या या रिपांवर आडव्या बसवावयाच्या, म्हणजे दोन रिपांमधून हवा खालून वर वाहते. फळ्यांचें काम तळापासून सुरू करावें. पहिली फळी पाणसळ लावून अगदीं समपातळींत बसवावी, आणि ती जमिनीपासून निदान ८ इंच वर ठेवावी. वळचणीचें पाणी जमिनीवर आपटून उडतें, तें तिला लागतां कामा नये, आणि वाळवीचा मागही डोळ्यांस दिसला पाहिजे. वरची फळी खालच्या फळीवर कौलाप्रमाणें सव्वा इंच चढवावी. इंग्लंड-अमेरिकेंतही घरांच्या भिंतींसाठीं हीच रीत रूढ आहे.

खिळे जस्त चढविलेले घ्यावे. प्रत्येक रिपेवर प्रत्येक फळीला एकच खिळा, आणि तोही खालच्या फळीची वरची कड चुकवून किंचित् वर मारावा. उन्हाळ्यांत बसविलेली फळी श्रावणांत रुंदींत फुगते. दोन्ही कडांना जखडली, तर ती पोक काढते किंवा चिरते. टोकांजवळ आधीं सामत्यानें भोक पाडावें. सागाचा आंतला नार टिकाऊ असतो. बाहेरचा पांढुरका भाग किडीला लवकर बळी पडतो, तो घेऊं नये. तेल किंवा रंग फळी बसविण्यापूर्वींच चारही अंगांना द्यावा, आणि कापलेल्या टोकांना तर दोनदां द्यावा. कारण फळीच्या पृष्ठभागापेक्षां तीं टोकें पाणी फार जलद शोषतात.

दोन सूचना देतों. उघडी छपरी झाकण्यापूर्वीं आपल्या नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे परवानगीची चौकशी करावी. आणि फळ्यांची भिंत पाऊस अडविते, पूर नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी बदलापुरांत शिरलें, तो दिवस स्मरून नदीकांठच्या रहिवाशांनीं गाडी वेळींच उंचावर न्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उघड्या छपरींत इंजिनाचा धूर वाऱ्याबरोबर जात असे; झाकलेल्या खोलींत त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि धोका कळण्यापूर्वींच माणसाची शुद्ध हरपते. म्हणून सर्वांत वरची फळी छपराखालीं वीतभर सोडून थांबवावी, तेथें जाळी लावावी, आणि तळची फटही मोकळी ठेवावी. एवढें करूनही आंत इंजिन चालूं ठेवून कधीं बसूं नये. गाडी सुरू होतांच ती बाहेर काढावी. मुलांना आंत खेळूं देऊं नये.

कारवीचा कूड बांधणाऱ्यानें धुराला वाट ठेवली होती. आपण फळ्या ठोकतांना ती बुजवूं नये, एवढेंच सांगणें आहे.