कड्याला धक्का लागला तर?

कल्पित जगांचे हिशेब : लेखांक ६

१९७१ साली बोस्टनला विज्ञानकथेचं जागतिक संमेलन भरलं होतं. लॅरी निव्हनच्या 'रिंगवर्ल्ड' या कादंबरीला तिथे ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि त्याच संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या व्हरांड्यांतून घोषणा देत फिरत होते : 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!' लेखकाचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही. पुरस्काराबद्दल नव्हे, घोषणेबद्दल बोलतोय.

निव्हनचं जग असं. सूर्यासारखा एक तारा आणि त्याच्याभोवती, सुमारे पंधरा कोटी किलोमीटर अंतरावर, एक अखंड कडं. रुंदी सोळा लाख किलोमीटर. आतल्या बाजूला, ताऱ्याकडे तोंड करून, समुद्र, डोंगर आणि माणसांसारखी माणसं. हवा सांडू नये म्हणून दोन्ही काठांना सोळाशे किलोमीटर उंचीच्या भिंती. पृथ्वीच्या तीस लाख पट जमीन! कडं सेकंदाला १,२४० किलोमीटर वेगाने फिरतं, म्हणून आत उभ्या असलेल्याला वजन जाणवतं. किती? वेगाचा वर्ग करायचा आणि त्रिज्येने भागायचं. उत्तर येतं सेकंदामागे सेकंदाला सुमारे दहा मीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीइतकंच. निव्हनने ही आकडेमोड आधीच केली होती.

आता याच वेगाने फिरणारं कडं फुटू नये म्हणून ते किती मजबूत हवं? पोलादाचं केलं, तर पोलादाला सोसवतो त्याच्या लक्षावधी पट ताण त्यावर येईल. असा पदार्थ आपल्याकडे नाही. निव्हन 'स्क्रिथ' नावाचा एक पदार्थ कल्पून मोकळा झाला. आणि इथे गंमत आहे : याबद्दल विद्यार्थ्यांनी फारशी कुरकुर केली नाही. लक्षावधी पटींची थाप त्यांनी निमूट पचवली आणि कड्याच्या स्थैर्यावरून रान उठवलं.

हे अन्यायाचं वाटेल, पण मला ते अगदी रास्त वाटतं. स्क्रिथ ही जाहीर थाप आहे. लेखक सरळ सांगतो, एवढं गृहीत धरा, पुढे चला. अस्थैर्य मात्र त्याने मागितलेल्या सवलतीत बसत नव्हतं. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कल्पित जगाची परीक्षा घेताना मी तरी हीच रेघ ओढतो. 'असं असू शकतं का?' हा प्रश्न बहुतेक वेळा निरर्थक असतो. मान्य केलेल्या थापेतून आपोआप निघणारे परिणाम लेखकाने पाहिलेत का, हे विचारायचं.

अस्थिर म्हणजे काय, ते नीट पाहू. कड्याच्या केंद्राशी तारा आहे तोवर सगळ्या बाजूंची ओढ सारखी. समजा, एखाद्या उल्केच्या धक्क्याने कडं जरासं सरकलं. जो भाग ताऱ्याच्या जवळ गेला त्यावरची ओढ वाढली, समोरच्या भागावरची घटली. म्हणजे जवळचा भाग आणखी जवळ खेचला जाणार, ओढ आणखी वाढणार, आणि अखेर कडं ताऱ्यावर आदळणार. फिरण्याचा इथे उपयोग नाही, कारण सगळं कडं मिळून ताऱ्याभोवती कक्षेत नाही. ते फक्त स्वतःभोवती फिरतंय. सपाटीला काटकोनात धक्का बसला, तर मात्र ते वरखाली झुलत परत येईल. घातक आहे तो सपाटीतला धक्का.

हे गणित नवीन नव्हतं. एकसारखं घन कडं ग्रहाभोवती टिकणार नाही, हे लाप्लासने शनीच्या कड्यांसंदर्भात अठराव्या शतकातच ओळखलं होतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो प्रश्न तडीस नेला : शनीची कडी असंख्य सुट्या तुकड्यांचीच असली पाहिजेत. एमआयटीच्या पोरांनी तेच गणित कादंबरीला लावलं.

निव्हन रुसला नाही. सुमारे दहा वर्षांनी त्याने 'द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स' लिहिली. त्यात कड्याच्या काठावर तोल सावरणारी इंजिनं होती, पण ती कुणीतरी काढून अंतराळयानांना बसवली आहेत आणि कडं सरकू लागलंय. वाचकांनी काढलेली चूक हेच कथानक झालं! फ्लोरिडातल्या एका शाळेच्या वर्गाने आणखी एक खोट काढली होती. तिथे भूकवच हलत नाही, नवे डोंगर उभे राहत नाहीत, मग काही हजार वर्षांत सगळी माती समुद्रतळाशी जाणार. निव्हनने समुद्रतळाचा गाळ नळांनी उपसून काठाच्या भिंतीवरून परत आत सोडण्याची सोय केली. मूळ कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत तर वाढदिवस लांबवण्यासाठी नायक पूर्वेकडे उड्या मारत जातो. पश्चिमेकडे जायला हवं होतं! पुढच्या छपाईत ते सुधारलं. चुकीच्या प्रतींना आता संग्राहक जास्त पैसे मोजतात.

हा लपंडाव हॅल क्लेमेंटने आधीच मांडून ठेवला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या लेखकाने १९५३ मध्ये 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी'साठी मेस्क्लिन हा ग्रह रचला : दिवस अठरा मिनिटांचा, विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवांवर सुमारे सातशेपट. तो ग्रह कसा रचला हेही त्याने लेख लिहून सांगितलं, आणि चुका शोधणं हा वाचकाचा डाव असल्याचं मान्य केलं. त्याला पुढे ऐकावं लागलं, की इतक्या वेगाने फिरणाऱ्या ग्रहाच्या विषुववृत्ताला धारच येईल.

मोठाल्या ग्रहांपेक्षा मला स्वयंपाकघरातली परीक्षा जास्त आवडते. माणूस आरशातल्यासारखा उलटा झाला तर? एच. जी. वेल्सच्या १८९६ च्या 'द प्लॅटनर स्टोरी'त एक शिक्षक असा परततो. त्याचं काळीज उजवीकडे जातं, पण त्याच्या जेवणाची चौकशी वेल्स करत नाही. आर्थर क्लार्कने १९४६ च्या 'टेक्निकल एरर'मध्ये ती केली. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, शर्करा उजव्या घडणीच्या. उलटलेल्या माणसाच्या पोटात साधं अन्न जाईल, पण बरंचसं अंगी लागणार नाही. भरल्या ताटावर उपासमार. जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्येही डाव्या-उजव्याची अदलाबदल आहे, आणि तिचा फायदा क्रिकेटच्या मैदानावर एका गोलंदाजाला होतो.

ही आता नुसती कथेतली गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अडतीस शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात इशारा दिला, की उलट्या घडणीचे जीवाणू प्रयोगशाळेत बनवू नयेत. आपल्या प्रतिकारशक्तीला ते कदाचित ओळखूच येणार नाहीत, आणि ज्या साध्या रेणूंना डावं-उजवं नसतं, त्यांच्यावर ते जगू शकतील.

तर मग त्या उलट्या गोलंदाजाची परीक्षा आपणच पुढे नेऊ. तहान भागेल, कारण पाण्याला डावं-उजवं नाही. मीठही चालेल. पुदिन्याचा वास ज्या कार्व्होन नावाच्या रेणूचा, त्याचंच आरशातलं रूप बाळंतशोपांत असतं. म्हणजे चहापानाच्या सुट्टीत पुदिन्याची चटणी लावलेलं सँडविच हाती आलं, तर गड्याला त्यातून बाळंतशोपांचा वास येणार.

पुढच्या आठवड्यात : घोडा दिवसाला किती कोस चालतो, आणि कल्पित नकाशे तिथे का फसतात.