जनमताची मोजदाद : सरासरी पुरेशी आहे काय?

एखादी योजना लोकांच्या पसंतीस कितपत उतरली, हे जाणून घेण्यासाठी प्रश्नावलीचा उपयोग केला जातो. तीत एक विधान देऊन ‘पूर्णतः असहमत’, ‘असहमत’, ‘निश्चित मत नाही’, ‘सहमत’ व ‘पूर्णतः सहमत’ यांपैकी एका पर्यायावर खूण करावयास सांगतात आणि या पर्यायांना अनुक्रमे १ ते ५ अंक देतात. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. पद्धत सोपी आहे. परंतु जमा झालेल्या अंकांचा अर्थ लावताना पुष्कळदा गफलत होते.

हे अंक वजन वा उंचीसारखे नसतात. वीस किलो धान्य दहा किलोच्या दुप्पट असते. पण ४ अंक देणाऱ्याचे समाधान २ अंक देणाऱ्याच्या दुप्पट असते, असे म्हणता येत नाही. शर्यतीतील पहिला, दुसरा, तिसरा यांप्रमाणे हे अंक केवळ क्रम दाखवितात. मापनाच्या पातळ्यांमधील हा भेद एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली स्पष्ट केला. लिकर्ट यांनीही एकाच विषयावरील अनेक विधानांच्या गुणांची बेरीज करून व्यक्तीचा कल ठरविला होता. एकाच विधानाच्या सरासरीवर विसंबणे अधिक जोखमीचे होय.

समजण्यासाठी दोन काल्पनिक गावे घेऊ. ‘नळपाणी योजनेबाबत मी समाधानी आहे’ या विधानावर प्रत्येक गावातील ५० कुटुंबांचे मत विचारले. पहिल्या गावात १ ते ५ या पर्यायांवर अनुक्रमे ५, १०, २०, १० व ५ उत्तरे आली. दुसऱ्या गावात २०, ४, २, ४ व २०. दोन्ही गावांची सरासरी ३! उत्तरे क्रमाने लावून मधोमध येणारे मूल्य, म्हणजे मध्यक, तोही ३ च. अहवालात केवळ ‘३’ लिहिले, तर दोन्ही गावांची स्थिती सारखीच भासेल. प्रत्यक्षात दुसरे गाव दुभंगलेले आहे. तेथील २४ असमाधानी कुटुंबे उंचावरच्या वस्तीत राहत असतील आणि तेथवर पाणीच चढत नसेल, तर त्यांची तहान त्या सरासरीखाली झाकली जाईल.

म्हणून प्रथम प्रत्येक पर्यायाची वारंवारता, म्हणजे किती जणांनी कोणते उत्तर दिले, याचा तक्ता मांडावा. दोन गटांच्या उत्तरांतील फरक केवळ योगायोगाचा आहे काय, हे पाहण्यासाठी कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी उपयोगी पडते. वरील उदाहरणात तिचे मूल्य सुमारे ३७.९ येते, योगायोगाची शक्यता पाच टक्के धरल्यास मर्यादा ९.४९ आहे. अर्थात, हा फरक योगायोगाचा मानता येणार नाही.

दुसऱ्या गावातील वरच्या व खालच्या वस्तीची तुलना करावयाची असेल, तर मान व व्हिटनी यांची १९४७ सालची क्रमांकाधारित कसोटी योग्य ठरते. तीत दोन्ही गटांची उत्तरे एकत्र करून चढत्या क्रमाने लावतात आणि वरचे क्रमांक कोणत्या गटाकडे अधिक गेले, हे तपासतात. मात्र दोन्ही गावांच्या तुलनेत हीच कसोटी कोणताही फरक दाखविणार नाही. कारण दोन्हीकडील उत्तरे ३ या अंकाभोवती समतोल पसरलेली आहेत. प्रश्न कोणता, यावर कसोटीची निवड अवलंबून असते.

कोणतीही कसोटी सदोष पाहणीस तारू शकत नाही. चावडीवर जमलेल्यांचीच मते घेतली, तर घरातील स्त्रिया व दूरच्या वस्त्या वगळल्या जातील. ‘पाणी अनियमित येते’ अशा उलट अर्थाच्या विधानाचे गुण बेरजेपूर्वी उलटवून घेणेही अगत्याचे आहे.

पुढील वेळी ग्रामसभेपुढे अथवा शाळा समितीपुढे पाहणीचा अहवाल येईल, तेव्हा सरासरीचा आकडा पाहून समाधान मानू नये. ‘१’ वर खूण करणारे किती आणि ते कोठे राहतात, हे अवश्य विचारावे. योजनेतील उणीव बहुधा तेथेच सापडते.