बोटांना पाठ, डोक्याला नाही

सराईत टायपिस्ट कीबोर्डकडे न बघता झरझर टाइप करतो. पण कोऱ्या कीबोर्डवर अक्षरे भरायला सांगितली, की अडखळतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा सराईतांना २६ पैकी सरासरी सुमारे १५ अक्षरांच्याच जागा बरोबर दाखवता आल्या. ही स्मृती हालचालींची, सायकल चालवण्यासारखी. म्हणून टायपिंग क्लासमध्ये ‘एएसडीएफ’चा (कंटाळवाणा खराच!) धडा पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. ‘एफ’ आणि ‘जे’वरचे बारीक उंचवटे तर्जनींना त्यांची जागा दाखवतात. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये स्वर-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. वर्षानुवर्षे दोन बोटांनी टाइप करणाऱ्यांचा वेग सुरुवातीला घटतो आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. वेगाचे नंतर बघावे. मान खाली घालून कळा शोधायचा मोह तेवढा आवरावा. हातांवर रुमाल टाकला तरी चालेल.