पिशवी दोन-तीन महिन्यांचीच, म्हणून किरकोळ?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये औषधांनी आजार आटोक्यात राहिला नाही, की मोठे आतडे आणि गुदाशय काढून लहान आतड्याच्या टोकापासून नवा साठा, म्हणजे पाउच, तयार करतात आणि तो गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली. जोड भरून येईपर्यंत मल तिथे पोहोचू नये, म्हणून बहुतेक वेळा लहान आतड्याचे एक वळण पोटावर आणून तात्पुरते तोंड, म्हणजे स्टोमा, करतात; मल त्यातून पोटावरच्या पिशवीत येतो. ‘दोन-तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे’ असा धीर मग सगळेच देतात. हेतू चांगला असला तरी त्यातून बेसावधपणा येतो. शरीरातले पाणी आणि मीठ कमी होणे, ही गंभीर गुंतागुंत बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच गाठते आणि रुग्णाला पुन्हा रुग्णालयात आणते.

मोठे आतडे रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबरचे मीठ शोषून घेते. ते काढल्यामुळे तो टप्पाच गळतो. पिशवीत दिवसाला दीड लिटरहून अधिक पातळ मल येऊ लागला, की मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला उलटा पडतो: नुसते पाणी आतड्यात गेले की शरीरातले सोडिअम आतड्यात ओढले जाते आणि स्राव आणखी वाढतो. शहाळ्याचे पाणीही पुरेसे नाही, कारण त्यात पोटॅशिअम भरपूर असले तरी सोडिअम कमी असते. इथे लागते ते मीठ आणि ग्लुकोज यांचे योग्य मिश्रण. सेंट मार्क्सच्या कृतीत एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडिअम बायकार्बोनेट असते. इतक्या मिठाने रक्तदाब वाढेल, ही शंका रास्त आहे. पण इथे बाहेर गेलेले मीठच परत द्यायचे असते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. लघवी कमी आणि गडद होणे, उभे राहताना चक्कर येणे, पायांत गोळे येणे ही लक्षणे दिसली की पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

त्वचेची जळजळ ‘व्हायचीच’ हेही खरे नाही. या स्रावातली पाचकद्रव्ये त्वचा खातात, म्हणून पिशवीच्या चकतीचे छिद्र स्टोमाच्या मापाला बसणारे हवे. स्टोमा आकसत जातो, तसे माप पुन्हा घ्यावे लागते.

एवढा त्रास असेल तर स्टोमा करायचाच कशाला? निवडक रुग्णांत काही सर्जन तो टाळतातही. पण जोड गळून ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला, तर पाउच कायमचा निकामी होऊ शकतो. स्टोमा गळती हमखास रोखत नाही. तिचे परिणाम सौम्य करतो. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेतलेल्या, खंगलेल्या रुग्णाला ही ढाल सहसा लागतेच. स्टोमा बंद करणे हीसुद्धा शस्त्रक्रियाच आहे. त्यानंतर आतड्यात अडथळा, जखमेत पू किंवा त्या जागी हर्निया होऊ शकतो. म्हणून आधी पाउचची तपासणी करून जोड भरल्याची खात्री करतात, आणि तो भरला नसेल तर तारीख पुढे ढकलतात.